दोघांकडून

माय,

बाबांबद्दलची जी गोष्ट घरात बोलू नको म्हणून तू मला बजावलं होतंस, ती मागच्या महिन्यात मी आत्याला सांगून टाकली. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, बाबा तर तुझ्याही आधी गेले. आता कुणाचं काही बिघडणार नव्हतं. तरी सांगून आल्यापासून अंगात त्राण नाही. दवाखान्यातून शहराच्या कडेला, बेसाला घरी येते, चहा ठेवते, तो आटून जातो आणि मी ओट्याला टेकून उभीच असते. म्हणून शेवटी लिहायला बसले. तुला वाचता येत नव्हतं, हे कागद समोर घेतल्यावर आठवलं.

तेव्हाचं आपलं घर आठवतं. पुढच्या खोलीत बाबांचा हातमाग. तू चरख्यावर सुताच्या कांड्या भरत बसलेली आणि धाकटा तुझ्या मांडीला डोकं टेकून. त्याचे डोळे पिवळे, हातपाय काड्यांसारखे, पोट मात्र डाव्या अंगाला फुगून टणक झालेलं. थंडी पडली की त्याची हाडं धरायची. "माय, आतून कोणी ठोकून राहिलं वं," असं म्हणत तो रडायचा आणि तू एका हाताने त्याचा पाय चोळत दुसऱ्या हाताने चरखा फिरवायचीस. मग एकदा बाबा त्याला त्यांच्या मूळ गावी घेऊन गेले. तिथे कुणीतरी पोट उतरवण्यासाठी तापल्या लोखंडाने डाग देत असे. परत आल्यावर तू स्वयंपाकघरात त्याचा सदरा काढलास. पोटावर ओळीने भाजल्याच्या खुणा होत्या.

"हे कोणं केलं?" तू विचारलंस.

"उतरते म्हणत होते पोट," बाबा म्हणाले. "लई लोकायचं उतरलं म्हणे."

"दुखनं त्याच्या आंगात आहे आन तुम्ही वरून जाळता त्याले? आता याच्या आंगाले कोणी हात लावायचा नाही. उद्या मी दवाखान्यात घेऊन जाईन."

बाबांशी तू कधी आवाज चढवून बोलली नव्हतीस. ते तिथेच उंबऱ्यावर बसले आणि पंचा तोंडावर धरून रडले. मला ते रडणं अजून दिसतं. त्यानंतर ते असे सरळ कधी उभेच राहिले नाहीत.

मोठ्या दवाखान्यात आपल्या चौघांचं रक्त घेतलं. निकालाच्या दिवशी बाबा आले नाहीत. गांधीबागेतल्या शेठची पातळं पुरी करून द्यायची होती. तू, मी आणि तुझ्या कडेवर धाकटा. डॉक्टरीणबाई शांत होत्या. सिकलसेल हा शब्द मी तिथे पहिल्यांदा ऐकला.

"माह्याकडून आला का बाई हा आजार?" तू विचारलंस.

"एकट्या तुमच्याकडून नाही, दोघांकडून. तुमच्या रक्तात त्याचा एक वाटा आहे, याच्या वडलांच्या रक्तातही एक. एकाच वाट्याने सहसा त्रास होत नाही. या लेकराकडे दोन्ही आले. मुलीकडे एक आहे."

परत येताना सायकलरिक्षात तू धाकट्याला मांडीवर नीट घेतलंस. मग म्हणालीस, "घरी बाबाचं नाव घेऊ नको वं. माह्याकडूनच आलं म्हणून सांगू. त्या डागानंच तो माणूस अर्धा झाला. पोराच्या रक्तात बी आपलंच आलं असं कळलं तर त्याच्यानं सोसनार नाही."

"आन तुह्यानं?" मी विचारलं.

तू रिक्षा थांबवून मला पेरू घेऊन दिलास, तिखट-मीठ लावून. घरात लेकरू आजारी असताना फक्त माझ्यासाठी म्हणून काही घेतलेलं मला तेवढंच आठवतं.

त्यानंतर धाकटा दोनच हिवाळे काढू शकला. त्याच्या तेरवीला पंगत बसली होती आणि आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, "इचंच रक्त नासकं. माह्या भावाचा वंश बुडवला इनं." तू भाजी वाढत होतीस. वाढत राहिलीस. बाबा म्हणाले, "जाऊ दे ना बाई," एवढंच. मग कुणाचं लग्न असो, बारसं असो, आत्या ते वाक्य कुठल्या ना कुठल्या रूपात बोलायचीच आणि तू पदर सारखा करून दुसऱ्या खोलीत जायचीस. मी तुझ्याकडे पाहायचे. तू मान हलवायचीस. नको.

तू गेल्यावर मी याच आजाराच्या विभागात लागले. समुपदेशक म्हणतात मला. रोज कुणीतरी सासू सुनेकडे बोट दाखवते आणि रोज मी सांगते, आजी, दोघांकडून. तेच शब्द, तोच कागदावर काढलेला तक्ता. सांगून सांगून तोंडाला कोरड पडते. पण त्यामागची गोष्ट मला शिकताना कळली आणि ती तुला सांगायची राहिली. तू सांगायचीस ना, तुझ्या माहेरी जंगलाच्या कडेला एका साली हिवताप आला आणि घरोघरची लेकरं गेली, तुझ्या दोन्ही बहिणी गेल्या. "मले बी आला होता, पन मी उठून बसली." माय, रक्तात हा एक वाटा असलेली लेकरं त्या तापातून जास्त वाचायची. वाचली, मोठी झाली, त्यांना लेकरं झाली आणि वाटा पुढे गेला. पिढ्यान्‌पिढ्या असंच. तू त्यामुळेच वाचलीस असं एका माणसाबद्दल छातीठोक सांगता येत नाही. पण जिथे जिथे हा ताप मुरला होता, तिथे तिथे असे आजार वाढले. ज्यांचे आजे-पणजे सिंधमधून आले, त्यांची थॅलेसेमियाची लेकरं आमच्याकडे रक्त चढवायला येतात. तो आजार निराळा, पण त्याच्याही मागे तोच ताप. पुस्तकात याला नैसर्गिक निवड म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही. निवडायला तिथे कुणी बसलेलं नसतं. बरीच वाचतात आणि त्यांच्या वाचण्याची किंमत एखादा धाकटा देतो. आता तापावर गोळ्या आहेत, पण रक्ताला ते कोण सांगणार?

मागच्या महिन्यात आत्याचा नातू, तिच्या लेकीचा मुलगा, स्वतःच्या लग्नाचं आवतन द्यायला आला. मी विचारलं, दोघांनी सिकलसेलची तपासणी केली का? तो हसला. "मावशी, आमच्याकडे कुठं आहे ते? ते तर तुमच्या आईकडचं ना?"

दुसऱ्या दिवशी मी नंदनवन वस्तीत आत्याकडे गेले. ती पलंगावर बसली होती, लेक आणि सुना आजूबाजूला. मी सांगितलं. बाबांच्या रक्तातही होतं, आत्या. म्हणजे तुझ्या माहेरी होतं. तुझ्यात असू शकतं, तुझ्या लेकीत, नातवात.

"माह्या बापाच्या घरचं?" ती म्हणाली.

"हो."

"तुह्या मायले ठाऊक होतं हे?"

"पहिल्या दिवसापासून."

"मंग बोलली काहून नाही वं ती?"

"बाबांसाठी."

आत्याने पदर तोंडावर घेतला. तिचे खांदे हलत होते. "मी तिले काय काय बोलली," असं ती पुटपुटली आणि मग, "हे पाप कोनाचं म्हनायचं मंग?" मी म्हटलं, कुणाचंच नाही, आणि हिवतापाची गोष्ट तिलाही सांगितली. तिला किती समजली कोण जाणे. नातवाची तपासणी करू म्हटलं तेव्हा तिने स्वतःचा हात पुढे केला. "माहं बी पाहा."

"तुला आता कशाला?"

"पाहा म्हटलं ना."

नातवात एक वाटा निघाला. त्याच्या होणाऱ्या बायकोत नाही. त्यामुळे त्यांच्या लेकरांना हा आजार होणार नाही. फार तर एखाद्यात वाटा उतरेल. लग्न ठरल्या दिवशीच आहे. आत्यातही एक वाटा निघाला. मी फोनवर सांगितलं तेव्हा ती "बरं" म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

घरच्यांना मी सांगितलं की नातवासाठी बोलणं भागच होतं. ते खोटं नाही. पण त्या पोराला बाजूला घेऊन नुसतं "दोघांची टेस्ट करून घे" म्हटलं असतं तरी काम झालं असतं. त्यासाठी आत्याच्या पलंगापाशी, तिच्या लेकीसुनांसमोर, तुझं नाव काढायची गरज नव्हती. ती रडली तेव्हा मला बरं वाटलं, माय. थोडाच वेळ. मग रिक्षात बसले आणि काहीच वाटेनासं झालं.