एका पातेल्यातलं जेवण

प्रिय साक्षी,

अक्षर बघूनच तू ओळखशील आणि कदाचित न वाचता हे पत्र बॅगेत टाकशील. टाक, पण फाडू नकोस. मेसेज चारदा लिहिला, चारदा पुसला. कॉलेजच्या जिन्यात समोरासमोर येऊनही दोन महिने आपण एकमेकींना ओलांडून जातोय, त्यामुळे तोंडाने बोलायचं तर माझ्याच्यानं होणार नाही.

मी मजेत आहे. आपली माधवनगरची खोली तशीच आहे, नळाला सकाळी तासभर पाणी, आणि मी आता जेवते. खरंच जेवते. तुला हसू येईल, पण ते मला शिकावं लागलं. त्या दिवशी प्रॅक्टिकलला मी कोसळले, तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं की उपवास होता. मेस सोडून ते पैसे मी कॉम्प्युटरच्या क्लासला भरले होते आणि महिनाभर चहा-खारीवर काढला होता, हे एकट्या तुला ठाऊक होतं. तू पाटणला अब्बांना फोन केलास. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून ते पहिल्या एस.टी.नं आले, तेव्हा मापाची टेप गळ्यातच राहिली होती. दवाखान्यात हिमोग्लोबिन साडेसात निघालं. अब्बा म्हणाले, "चल घरी. उपाशी राहून शिकायचं असलं तर ते शिक्षान नगं आमाला." सगळा राग मी तुझ्यावर काढला. चुगलखोर म्हणाले. माझ्या शिक्षणावर पाणी फिरवलंस म्हणाले. त्याच संध्याकाळी तू मावशीकडे निघून गेलीस आणि मी दार लावून घेतलं.

अब्बांनी मात्र मला लगेच नेलं नाही. स्टँडवर गाडीची वेळ विचारून परत आले आणि म्हणाले, "दोन म्हैने देतो. गोळ्या घे, नीट खा. रक्त वाढलं तर ऱ्हा, न्हाईतर पाटण." मग काय, मी पेटलेच. मोबाईलवर सॅलडचे फोटो बघितले, बाजारात गेले आणि काकडी, टोमॅटो, कोबी घेऊन आले. ताटभर खाल्लं आणि तासाभरात पोटात पुन्हा कावळे. तीन दिवस असंच चाललं. चौथ्या दिवशी भाजीवाल्या हरणाबाईंनी हटकलं. त्या म्हणाल्या, "काकडीनं पोट भरतंय व्हय गं? पानी हाय त्यात निस्तं. मटकी भिजव, शेंगदाणं घाल, मेथीचा घोळाणा कर. त्यो खाल्ला की सांजपातूर भूक न्हाई." कच्च्या पाल्याचा तो घोळाणा आपल्याकडंही होतो, अम्मी भाकरीबरोबर करते. पण त्याला कुणी सॅलड म्हणत नाही, म्हणून तो माझ्या डोक्यातच आला नव्हता.

पहिली मटकी नासली. फडकं फार ओलं ठेवलं होतं, खोलीभर आंबूस वास सुटला आणि घरमालकीणबाई नाक धरून वर आल्या. दुसऱ्या वेळी बोटभर मोड आले. गॅस नाही, म्हणून विजेच्या किटलीतलं उकळतं पाणी मटकीवर ओतायचं आणि दहा मिनिटं झाकून ठेवायचं. त्याच किटलीत अंडी उकडायची. मग पातेल्यात कोवळी मेथी चिरायची, कांदा, गाजर किंवा बीट, जे स्वस्त असेल ते. मूठभर शेंगदाण्यांचं जाडसर कूट, मीठ, हिरवी मिरची आणि वर अख्खं लिंबू. कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून एक ज्वारीची भाकरी आणते, ती कुस्करून त्यातच मिसळते. भाकरी नसेल त्या दिवशी उकडलेलं रताळं. बाजार उठायच्या वेळी गेलं की मेथीच्या दोन जुड्या एकीच्या भावात मिळतात. दवाखान्यातल्या सिस्टरांनी सांगितलं, लिंबू सोडू नकोस आणि जेवणावर लगेच चहा पिऊ नकोस, नाहीतर लोह अंगी लागत नाही. चहा सोडणं सगळ्यात जड गेलं, तुला माहीतच आहे.

आता जिना चढताना धाप लागत नाही. केस गळायचे थांबलेत. वर्गातल्या दोघीतिघी डब्यात वाकून बघतात आणि एकेक घास मागतात, तेव्हा उगाच अभिमान वाटतो. क्लासही चालू आहे. अब्बांना मी तेही सांगून टाकलं. ते म्हणाले, "आदी सांगायचं व्हतंस."

परवा रक्ताचा रिपोर्ट आला, हिमोग्लोबिन दहा पॉइंट दोन. मी अब्बांना फोन केला, त्यांनी आकडा दोनदा विचारून घेतला. मग ते म्हणाले, "साक्षीला कळवलंस का? दर आयतवारी फोन असतो तिचा, कशिश जेवते का म्हणून." मला वाटलं चुकून ऐकलं. तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. त्या संध्याकाळी मी दार लावून बसले होते आणि तू स्टँडवर अब्बांना गाठलं होतंस. "काका, तिला कॉलेजातनं काढू नका, दोन महिने द्या, ती सुधारंल," असं रडून म्हणालीस आणि "कशिशला माझं नाव सांगू नका," असंही बजावलंस. ते दोन महिने मी अब्बांचे समजत होते. साक्षी, त्या दिवशी मला राग तुझा नव्हता, पकडले गेल्याचा होता. माझं चुकलं. घरमालकीणबाईंनी दोनदा विचारलं, दुसरी मुलगी ठेवू का? दोन्ही वेळा मी सांगितलं की नको, साक्षी गावी खंडाळ्याला गेलीय, येईल. इतकं बेधडक खोटं मी कशाच्या जोरावर बोलले कोण जाणे. आता ते खरं करणं तुझ्या हातात आहे. ये.

तुझीच,
कशिश