हिरव्या रंगाखालची वायर

४ नोव्हें.
जुनी लेथ एकदाची चितेगावच्या माझ्या शेडमध्ये उतरली. विकणाऱ्यानं दसऱ्याच्या पूजेला मशीन रंगवलं म्हणे. भल्या माणसानं पॅनेलचं झाकण उघडं ठेवून फवारा मारला! आतल्या वायरी, त्यांचे नंबर, सगळं हिरवंगार. मी लेथ चालवणारा, वायरीतलं मला काय कळतंय. कप्पाळ!

७ नोव्हें.
थोरल्या भावाला नेलं. अण्णा, उभा जन्म कंपनीत इलेक्ट्रिशियन. उन्हाळ्यात मेंदूला झटका आला, तवापासून पुंडलिकनगरच्या घरी भिंतीकडं तोंड करून पडून. वहिनीच म्हणाल्या, "भाऊजी, न्या त्यांना. नुसते झुरायलेत."
पॅनेल बघितलं अन् खेकसला, "कोण गाढवानं रंगवलं रे हे?" लई बरं वाटलं ऐकून.
मग म्हणाला, "प्रत्येक वायर खरवडून बघायची. रंगावर जायचं नाय."

९ नोव्हें.
सिरीजचा दिवा, म्हणजे तपासायचा बल्ब, लावून एकेक वायर शोधायलोय. मी टोक धरतो. दिवा पेटला की अण्णा, "हां, ही मोटरची." हात थरथरतो, पण स्क्रू त्यालाच पिळायचाय. जेवताना एक भाकर जास्त मागितली. वहिनींना फोनवर सांगितलं तर रडायलाच लागल्या. 

१२ नोव्हें.
जोडणी झाली. मेन स्विच टाकला. सवयीनं आधी टेस्टर लावला मशीनच्या बॉडीला.
पेटला.
मेन पाडला. अर्थिंगच्या बोल्टला अण्णानं बसवलेली हिरवी वायर खरवडली, तर खाली लाल. फेजची, करंटची! हात लावला असता तर आज हे लिहायला उरलो नसतो.
अण्णा खुशीत उभा. "काय झालं रे?"
म्हटलं, फ्यूज गेला. खोटं बोललो. 

१३ नोव्हें.
वहिनींना खरं सांगितलं. म्हणाल्या, "नका बोलू त्यांना. परत भिंतीकडं तोंड करतील."
पण खरवड म्हणणारा तोच, अन् तोच विसरला... अर्थिंगची वायर हिरवीच असते, तर रंगानं फसला का डोक्यानं? दुसरा वायरमन आणावा तर अण्णाला काय तोंड दाखवू. भीती पण वाटती, माया पण येती.

१५ नोव्हें.
सांगून टाकलं. अण्णानं ती वायर घेतली, उरलेला हिरवा रंग नखानं खरवडला.
"खरं सांग. रंगामुळं का माझ्या डोक्यामुळं?"
"नाय माहीत, अण्णा."
"मला बी नाय."
मग सगळी जोडणी सोडवून परत केली त्यानं. प्रत्येक वायर खरवडून. मला बोटसुद्धा लावू दिलं नाय. झाल्यावर मशीनवर तळहात ठेवून उभा राहिला. "टाक मेन."
हात काढ म्हटलं. काढंना. टेस्टर लावतो आधी म्हटलं. "टाक म्हणतो ना!"
नाय टाकला. माझ्याच्यानं होईना. शेड बंद करून अण्णाला घरी आणलं.
दारातच वहिनींनी विचारलं, "चालली का मशीन?"
अण्णा चपला काढत म्हणाला, "याला विचार."