एकेचाळिसाव्या लादीखालचं पाणी

प्रिय अंगदुस आचो,

वहिनी हे पत्र वाचून दाखवील. तिला म्हणावं, काही गाळू नकोस.

हवाई तळाची धावपट्टी लांबवायचं काम संपत आलं. साडेतेरा हजार फुटांवर काँक्रीट ओतणं म्हणजे तान्ह्या बाळाचं करणं. ऊन उतरलं की त्यावर रजया घालाव्या लागतात. एकही लादी मी उघडी पडू दिली नाही. सातवीनंतर शाळा नाही, पण पातळी लावायला मला कुणाला बोलवावं लागत नाही. हे तुला ठाऊक आहे. मीच शंभरदा ऐकवलंय.

गावप्रमुखाच्या घरची ती बैठक आठवते? तू म्हणालास, 'पाल्जोर, खडकाच्या पूर्वेला नको. बर्फ वितळलं की तिथे शेळीचे खूर रुततात.' मी हसलो. 'आचो, धावपट्टी शेळ्यांना विचारून बांधत नाहीत. चार खड्डे खणलेत मी, पहार वाकली.' नोर्फेलमामा म्हणाले, 'अंगदुसच्या बोकडालाच इंजिनियर करा!' सगळे खिदळले. तू उठून गेलास. तुझा पेला तिथेच राहिला, चहाने भरलेला. आपल्यात स्वतःचा पेला कुणी असा मागे सोडत नाही.

ते खड्डे मी फेब्रुवारीत खणले होते. तेव्हा आपल्याकडे चिखलसुद्धा दगड असतो. जमिनीच्या कठीणपणाचा पुस्तकातला आकडा जुळला आणि मी थांबलो.

मे महिन्यात एकेचाळिसावी लादी चार बोटं खचली. चार बोटं नाही, बहात्तर मिलिमीटर. मीच मोजली. चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं, 'खाली पाणी कुठून आलं? गावातलं कुणी आधी बोललं होतं?' मी म्हणालो, 'नाही साहेब. शेळ्यावाल्यांनी वरचा पाट फोडला असेल.' असेल, एवढंच म्हणालो. कागदावर त्याचं 'फोडला' झालं, आणि खाली सही माझी.

म्हणून तिथे कुंपण घातलं गेलं, तुझ्या दोनशे शेळ्यांचं हिवाळ्याचं कुरण बंद झालं. कुणी सांगितलं असेल, असं तू तीन महिने दारोदार विचारतोयस. माझं दारही वाजवलंस. मी आत होतो.

मीच सांगितलं, आचो. काल दुसरा कागद दिला: खड्ड्यांच्या तारखा, तुझं बैठकीतलं बोलणं, माझं खोटं. नोकरी राहणार नाही. पण साहेब म्हणतात, लादीखालचा झरा जागेवर दाखवणारा माणूस मिळाला तरच कुंपण सरकेल. तो माणूस तूच. थंडी पडायच्या आत, येत्या सोमवारी ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, त्यांना दाखव. बैठकीत राहिलेला तुझा पेला बरोबर आणतो. चहाही आणीन, पण तू पेला पुढे केल्याशिवाय ओतणार नाही.

तुझाच धाकटा भाऊ,
पाल्जोर