ओर्फाची गार पेटी

सोमवार, ८ जून

लोणी पुन्हा वितळलं! आणि खापर कुणावर? माझ्या नातीवर, ओर्फावर. शनिवारी साठ गड्यांनी माझं लाकडी घर सामानासकट खांद्यावर उचलून ओढ्यापलीकडे ठेवलं — तेव्हापासून तिने घडवलेली दूधलोणी गार ठेवायची पेटी गार होत नाही. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा इमॅन्युएल, म्हणतो, "पोरीचं जोडकाम! रविवारपर्यंत चालली नाही तर तिचं पेट्यांच्या कारखान्यात जाणं बंद. घरी पाव मळ म्हणावं." रविवारची प्रार्थना आमच्याच दारी. दीडशे तोंडं.

मंगळवार

ओर्फा आली. पेटीवर बशीभर दूध ठेवलं. दूध एका काठाला! "आजी, पेटी ठीक आहे. घर कललंय."

घर टेकवताना जमीन नुसत्या नजरेनं कुणी जोखली? तिच्याच बापानं.

आम्हा आमिश पंथाच्या लोकांच्या घरी वीज नाही, पेटीखाली गॅसची ज्योत. ओर्फा सांगते, त्या आचेनं पाण्यातला अमोनिया वर उडतो, वर निवून पाण्यासारखा पातळ होतो. मग पुन्हा वाफ होताना माझ्या लोण्यातली ऊब ओढून घेतो, आणि खाली पाणी त्याला परत पिऊन टाकतं. "पंप नाही गं. सगळं उतारावर चालतं. उतार चुकला की नळीत तुंबतं." चौथीत शाळा सोडलेल्या मलासुद्धा कळलं!

ज्योत विझवून तिने पेटी उलटी उभी केली, तुंबलेलं सुटावं म्हणून. मी म्हटलं, "यानं सुधारणा होत असेल तर पुढे तुझ्या बापालाही उलटा कर." हसली कार्टी.

गुरुवार

पेटीची जागा सपाट व्हावी म्हणून ओर्फाने खाली पाचरी ठोकल्या. पेटी सुलटी केली, ज्योत लावली. अजून कोमट.

शुक्रवार

लोणी दगड! इमॅन्युएलने बोट लावून पाहिलं. "बरी चाललीय." त्याच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ.

रविवार

फुशारकी आमच्यात पाप. ठाऊक आहे. तरी बायका गार बीट वाढून घेत होत्या तेव्हा मोठ्यानं म्हणाले, "माझ्या नातीनं केलीय! तुमच्या एकाही मुलाला जमायची नाही!" बिशपची सून चमचा धरून तशीच उभी. बरं वाटलं. फार बरं वाटलं!

सोमवार

बिशपचा निरोप — पेटीवरून फुशारकी कानावर आली, ओर्फाने येऊन जाब द्यावा, तोवर कारखान्यात पाऊल ठेवू नये. तिला न्यायला इमॅन्युएलने घोडा जुंपलाय.

गाडीत मी बसणार. फुशारकी माझी, जाब मीच देणार. ओर्फाने कामावर जायचं. आणि इमॅन्युएलने तिथे तोंड उघडायचं नाही.