आधी चादरी, मग चोर

संपादकदादा, आजीचा आशीर्वाद.

माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. शिवाय नात म्हणाली, "आजी, साहेबांना असलं काही पाठवायचं नाही हं!" म्हणून हे उशीखालीच राहील.

तिचं कॉमिक खपेना, तुम्ही बंद करायला निघालात. पोरीचं अन्नावरचं मन उडालं. तेवढ्यात वाचकांची पत्रं आली. तिची उडणारी बाई चोरामागे निघते, पण थेंब पडले की आधी शेजाऱ्यांचे वाळत घातलेले कपडे गोळा करते. तेच लोकांना आवडलं म्हणे! एकाने लिहिलं, "चोर सुटला तरी चालेल, चादरी भिजू नयेत."

तुम्ही कॉमिक चालू ठेवलंत. काल पोरगी मागून मागून जेवली. जीव भांड्यात पडला, बाबा.

ती बाई माझ्यावरूनच काढलीय. गुडघे तेवढे तिला चांगले दिलेत. आभाळ भरून आलं तर हाक मारा.

तुमची,
चालत येणारी आजी