पूर्वेच्या भिंतीतल्या चार खिडक्या

मी उकंडराव महादजी टिकार, वय अंदाजे एकसष्ट, धंदा कापूस जिन, म्हणजे कापसातून सरकी काढण्याचा कारखाना, मूळ राहणार डोणगाव, हल्ली मुक्काम खामगाव, जिल्हा बुलढाणा, प्रांत वऱ्हाड, माझ्यामागे कोणाला काय मिळावे हे स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवतो. दम छातीत पुरत नाही, डोक्यात पुरतो. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. बुढ्याला भ्रम झाला होता असे उद्या कोण म्हणणार, हे मला आजच ठाऊक आहे. माझी सर्व मिळकत स्वकष्टाची आहे.

१. राहते घर व विहीर पत्नी शालूबाई हिला. सैपाकघराला धुराडे नाही, ते आधी बांधून घ्यावे. तीस वर्षे तिने पऱ्हाट्यांच्या, कपाशीच्या वाळल्या झाडांच्या, धुरात भाकरी केली आणि तिच्या खोकल्याला मी थंडी म्हणत आलो.

२. बिडीची चांदीची डबी व्याही किसनराव यांना. मी बिडी सोडावी म्हणून ते फार कळवळ्याने सांगत, पण नजर डबीवर असे. डबी रिकामी द्यावी.

३. आता जिनाचे. या कलमासाठीच कागद घेतला. जिनाच्या पूर्वेच्या भिंतीतल्या चार खिडक्या चौदा वर्षांपूर्वी मीच विटांनी बुजवल्या, कारण वाऱ्याने रुई उडे. आत कापसाची धूळ दाटू लागली, तेव्हा कामाची पाळी सुटली की मी प्रत्येक बाईच्या हातावर गुळाचा खडा ठेवी. गुळाने धूळ उतरते, अशी आम्हा सर्वांची समजूत.

बाया सर्वांत जास्त खोकत त्या बाजाराच्या सुटीनंतरच्या दिवशी. मी मनात म्हणे, काल ठणठणीत, आज कामावर येताच खोकला, हे सोंग. माझ्या कानांचा मला फार भरवसा. गोजरबाई ही यंत्रावर कापूस घालणारी सर्वांत जुनी बाई. तिला मी तसे तोंडावर बोललो. ती म्हणाली, "मालक, सुटीत छाती मोकळी होते, आत आलं का पुन्हा आवळते. सोंग कराले बी दम लागते, तो कुठून आणू?" मी तिला आठ दिवस घरी बसवले.

यंदा पावसाळाभर मी घरी होतो. दिवाळीनंतर जिन सुरू झाले, आत पाऊल टाकले आणि तासाभरात छाती पट्टा आवळल्यासारखी झाली. गोजरबाईने माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. "खा मालक. धूळ उतरते म्हनता ना तुमी."

त्याच आठवड्यात खिडक्या फोडायला सांगितले. मुलगा चिंतामण हो म्हणाला. मिस्त्री काही येईना. शेवटी भिंतीपलीकडून ऐकले. चिंतामण मिस्त्रीला सांगत होता, "बुढ्याले हाव म्हनत राहा. तेरवीपर्यंत भिंतीले हात लावू नको, मंग कोन इचारते?"

४. म्हणून लिहितो. जिन चिंतामणला, पण माझ्यामागे महिन्याच्या आत चारही खिडक्या उघडल्या पाहिजेत व हंगामात उघड्या राहिल्या पाहिजेत. गोजरबाईने वाटेल तेव्हा आत जाऊन बघावे. तिला दारात अडवले, तर खिडक्या बंद आहेत असेच समजावे. बंद असल्यास जिन शालूबाईचे. तिने ते विकावे, पण चिंतामणच्या सासरच्यांना विकू नये. आवारातली खोली व डोणगावची तीन एकर जमीन गोजरबाईला, तिने काम सोडले तरी. तिला हिस्सा आहे म्हणूनच साक्षीला घेतले नाही.

५. माझ्या हयातीत चिंतामणने आपल्या हाताने पहिली वीट काढली, तर कलम चारमधली त्याच्यावरची अट मी स्वतः खोडीन. हे कलम त्याला कोणी वाचून दाखवू नये. कळल्यावर काढलेली वीट मला चालणार नाही.

सही: उकंडराव महादजी टिकार

साक्षीदार, आम्हांसमोर सही झाली:
वामनराव गणेश देशपांडे, शिक्षक
भगवंतराव तुकाराम इंगळे, शेतकरी, साखरखेर्डा

मुक्काम खामगाव, तारीख ११ जानेवारी १९३४