गुरुवारचं पाणी

खल्फानदादा,

तू केलेल्या गावच्या वेबसाइटवरून किल्ल्याचे फोटो मी काढून टाकले. आता तिथे कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या असतात. बागेत निघण्याआधी सगळे त्या बघतात. "माहिती खरी हवी," असं मीच सर्वांना बजावते.

एक ओळ मात्र खोटी आहे. तू तुझी पाळी हमूदकाकांना विकलीस, तरी गुरुवारी तुझंच नाव आहे. काका म्हणाले, "राहू दे गं पोरी. नावाने काय खजुरी भिजतात?"

बाबा यादी रोज वाचतात. काल विचारलं, "खल्फानच्या झाडांना पाणी पोचलं?"

मी हो म्हटलं.

मस्कतहून ये आणि पाळी विकल्याचं बाबांना तूच सांग. हे पत्र पाठवलं, तर तू फोनवरच सांगून मोकळा होशील, म्हणून ते पाठवत नाही.

तुझी बहीण,
झुवैना